चौघांचा बाप

चार मुलगे असलेल्या बापाबद्दल पेणपासून रोह्यापर्यंत सगळ्यांचं एकमत असतं: याचं बरं आहे, चार खांदे घरचेच. असं म्हणणारा बहुधा एका मुलाचा बाप असतो. चौघांच्या बापाला शेवटच्या खांद्यांची काळजी करायला फुरसत नसते. डब्याच्या तळाशी तीनच मिरगुंडं उरली आहेत आणि शाळा सुटायला दहा मिनिटं आहेत, ही त्याची काळजी. लोक त्याला पालक, पोशिंदा, कर्ता पुरुष असं काय काय म्हणतात. माझ्या मते ही सगळी त्याची फावल्या वेळची कामं आहेत. नागोठण्याला किंवा धाटावला तो कंपनीत जातो ते पगारासाठी. त्याचा खरा धंदा वाटणीचा. आणि हा धंदा असा, की त्यात काम नीट झाल्याची पावती आजवर कुठल्याही मुलाने दिलेली नाही. तरी तो बापानेच करावा लागतो. मात्र त्याचं कारण, बापाला न्याय जमतो, हे नव्हे.

पुरावा म्हणून दिवा-रोहा गाडीतला कुठलाही रविवार घ्यावा. बाप चौघांना घेऊन पेणला चढतो, रोह्याला आत्याकडे जायचं असतं आणि नशिबाने एक खिडकी मिळते. पेणनंतर कासू, नागोठणे, निडी आणि मग रोहा, म्हणजे टप्पे बरोबर चार. मुलगे चार, टप्पे चार. रेल्वेने हा मार्ग आखताना याच कुटुंबाचा विचार केला असावा असं बापाला क्षणभर वाटतं. पण टप्पे सारखे नाहीत. एकाच्या वाट्याला लांब पल्ला येतो, दुसऱ्याच्या वाट्याला नदी, आणि तिसऱ्याच्या टप्प्यात गाडी सिग्नलला थांबून राहते. थांबलेल्या गाडीची खिडकी खिडकीत धरायची की नाही, हा प्रश्न तो तिसरा अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात उपस्थित करतो. थोरल्याचं म्हणणं, वेळ मोजा, टप्पा नको. दुसऱ्याचं म्हणणं, नदी दोन टप्प्यांची धरा. धाकटा काहीच म्हणत नाही. तो बापाच्या मांडीवरून सरकत सरकत चारही टप्पे खिडकीतच असतो. समोरच्या बाकावरच्या आजी म्हणतात, लहान आहे हो, बसू दे. झालं, बापाचा सगळा निकाल त्या एका वाक्याने फिरला.

यावर हुशार माणसं एक तोडगा सांगतात: एकाने कापावं, दुसऱ्याने आधी उचलावं. कापणारा आपोआप सारखं कापतो. तोडगा उत्तम आहे, पण दोघांपुरता. माणसं तीन झाली की काय होतं, हे सांगायला गणितज्ञ बसले आहेत. ह्यूगो स्टाइनहाउस या पोलिश गणितज्ञाने १९४८ साली न्याय्य वाटणीचा प्रश्न रीतसर मांडला. तिघांपैकी कोणालाही दुसऱ्याच्या वाट्याचा हेवा वाटणार नाही, अशी कापण्याची रीत १९६०च्या सुमारास सेल्फ्रिज आणि कॉनवे यांना स्वतंत्रपणे सापडली. कितीही जण असले तरी ठरावीक पायऱ्यांत संपेल अशी रीत सापडायला २०१६ उजाडलं. तीही कागदावरच, कारण पायऱ्यांची वरची मर्यादा एवढी प्रचंड आहे की चौघांनी त्या रीतीने केक कापायला घेतला तर तो कापून होईपर्यंत खाणारे उरण्याची खात्री नाही. शिवाय या विद्वानांनी केक धरला, जो सुरीचं ऐकतो. पेणच्या पोह्याच्या पापडाचे चार भाग करून दाखवा म्हणावं. तो त्याच्या मर्जीने मोडतो, आणि चुरा कोणाचा, हा पाचवा प्रश्न उभा करतो. रायवळ आंब्याचं तर बघायलाच नको: दोन फोडी, एक बाठा आणि चार मुलगे. शेतजमिनीचे फार बारीक तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा झाला. त्यात प्रमाणभूत क्षेत्र ठरवून दिलेलं असतं. पापडाचं प्रमाणभूत क्षेत्र ठरवणारा तहसीलदार अजून नेमायचा आहे.

याच मुलखातल्या दोन थोर माणसांनी वाटणीत हात घातला होता, म्हणून त्यांची साक्ष काढणं भाग आहे. चिंतामणराव देशमुखांचं बालपण रोह्यात गेलं. फाळणीत बंगाल आणि पंजाबचे तुकडे पडल्यावर प्राप्तिकरातला त्यांचा जो वाटा मोकळा झाला, तो राज्यांमध्ये कसा वाटायचा हे ठरवायचं काम देशमुखांकडे आलं. १९५०चा तो निवाडा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. माणूस विद्वान, निःस्पृह, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर; आणि निवाडा चालला दोन वर्षं. पुढे वित्त आयोग आला, आणि आता साधारण दर पाच वर्षांनी नवा आयोग बसतो, कारण राज्यांचं म्हणणं तेच, जे त्या गाडीतल्या तिसऱ्याचं. दुसरे विनोबा, पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. १९५१पासून भूदानासाठी पायी फिरताना ते जमीनमालकांना सांगत, तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा हिस्सा द्या. युक्तिवाद बिनतोड आहे, पण वारस एकाने वाढवण्याची सूचना इतक्या हसतमुखाने ब्रह्मचारीच करू शकतो. चौघांच्या बापाला कोणी येऊन पाचवा समजा म्हणालं, तर तो आधी विचारील, खिडकीत बसणार का?

मग प्रत्येकाला वेगळं आणून द्यावं, असं ज्यांचं मत आहे त्यांनी ते एकदा करून बघावं. चार सारखे चेंडू आणले की संध्याकाळपर्यंत तीन गटारात किंवा कौलांवर जातात, आणि उरलेला एक आपलाच आहे असं चौघंही शपथेवर सांगतात. गणपतीत तर सोयच नाही. हमरापूर-जोह्याकडच्या कारखान्यातून मूर्ती घरी आणायची ती एकच, आणि ती मांडीवर घेऊन बसायचं भाग्यही एकाचंच. आरतीला झांजांचा जोड एक, घंटा एक, टाळ एक, आणि चौथ्याच्या वाट्याला टाळ्या. तो त्या अशा त्वेषाने वाजवतो की आरतीचे शब्द कोणालाच ऐकू येत नाहीत. दुसरा पक्ष म्हणतो, एकेक थोबाडीत द्यावी, सगळे गप्प. माराची गोष्ट सोडा, ओरडण्याचीही वाटणी होते. मोठ्याने हाक मारताना बापाच्या तोंडून चौघांचीही नावं निघतात आणि गुन्हेगाराचं सगळ्यात शेवटी. त्यामुळे तिघे निरपराध ‘आम्हाला का’ म्हणून उभे राहतात आणि चौथा पहिल्या नावालाच पसार झालेला असतो.

सगळ्यात वजनदार हरकत आईच्या बाजूची आहे. बाप आठवड्यात वाटत नसेल तितकं ती एका जेवणात वाटते, आणि तिच्या पंगतीत मोजमाप निघत नाही. मग बापाचं एवढं कौतुक कशाला? हरकत मान्य. बापाला नाईट असते त्या रात्री तोच आंबा, त्याच दोन फोडी आणि तोच बाठा घरात निमूट संपतो. यावरून कोणी म्हणेल, भांडणाचं मूळ बापच. तेही खरं आहे. अलिबागला कोर्ट नसतं तर तिथल्या तारखाही पडल्या नसत्या. पण दोघांच्या वाटण्यांत फरक आहे तो कारणांचा. आई ज्याला भूक जास्त त्याला जास्त वाढते आणि का ते सांगत नाही. डाव तिच्या हातात असतो, विषय संपला. बाप कारणं देतो: तू मोठा आहेस, याची काल पाळी होती, त्याला ताप होता. कारण दिलं की त्यावर हरकत घेता येते, दाखला काढता येतो, आणि मागच्या महिन्यातला निकाल आज तोंडावर मारता येतो. आपलं म्हणणं मांडायचं, समोरच्याचं खोडायचं आणि हरल्यावर पुढच्या पाळीची वाट बघायची, हे मुलगे शिकतात ते या खुळ्या कोर्टात. म्हणून समान वाटणी न जमणाराच बाप हवा. आईसमोर जे निमूट गिळलं, ते मांडायला जागा लागते. सकाळी कंपनीची बस त्याला नाक्यावर सोडते, आणि दारात चपला काढायच्या आत चौघं रात्रीच्या आंब्याची कैफियत घेऊन उभे असतात: बाठा कोणाला मिळाला, आणि त्याला गर किती होता. झोपेने डोळे मिटत असताना तो पाणी मागवतो, ओट्यावर बसतो आणि धाकट्याला म्हणतो, हां, तू बोल आधी. थोरला लगेच हरकत घेतो, की परवाही सुरुवात त्याच्यापासूनच झाली होती.