जीपवाले

पुण्यात सगळेच घाईत असतात, लाल सिग्नललासुद्धा. त्याच शहरात आमच्या मजल्यावर एक गृहस्थ आपली गाडी आणखी हळू कशी चालेल, या विवंचनेत रात्री उशिरापर्यंत जागे असतात.

गाडी म्हणजे रॉक क्रॉलर. खऱ्या जीपच्या एक दशांश मापाची, दीडएक फूट लांब, रिमोटवर चालणारी आणि खडक चढणारी. सोसायटीत त्यांना सगळे जीपवाले म्हणतात. माणसं बसतात ती त्यांची गाडी पार्किंगमध्ये धूळ खात असते आणि तिची सर्व्हिसिंग कधी झाली, ते त्यांना सांगता येत नाही. पण धाकटीच्या शॉकॲब्सॉर्बरमधलं सिलिकॉन तेल कधी बदललं आणि कुठल्या घट्टपणाचं घातलं, हे झोपेतून उठवून विचारा.

तिला खेळणं म्हणायची मात्र सोय नाही. ‘मॉडेल’ म्हणायचं. एकदा आमच्या मुलानं ‘काका, तुमचं खेळणं दाखवा ना’ म्हटलं, तर जीपवाल्यांनी त्याला बसवून दोन्ही ॲक्सल लॉक का असतात, यावर अर्धा तास शिकवणी घेतली. वळताना आतलं चाक कमी फिरावं म्हणून खऱ्या गाडीत डिफरन्शिअल असतं. इथं ते मुद्दाम जखडून टाकतात, म्हणजे एक चाक हवेत लोंबकळलं तरी दुसऱ्याची ओढ जात नाही. मुलगा गुणी, त्यानं ऐकून घेतलं. कस्टम्सवाल्यांना अशी शिकवणी देता येत नाही. त्यांच्या 9503 क्रमांकाच्या सदरात बाहुल्या, तीनचाकी सायकली, कोडी आणि लहान मापाची मॉडेलं एकाच पंगतीला बसवली आहेत. 2020 च्या अर्थसंकल्पात खेळण्यांवरचं आयात शुल्क 20 टक्क्यांवरून 60 झालं, 2023 मध्ये 70. जीपवाल्यांना रकमेचं तितकं दुःख नाही. बाहुलीशेजारी बसवलं, हे लागलंय.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान वजनाभोवती फिरतं. वजन खाली हवं आणि पुढे हवं, नाहीतर उभ्या चढावर गाडी मागे उलटते. म्हणून पुढच्या ॲक्सलचे प्लास्टिकचे भाग काढून पितळी घालायचे, चाकांच्या आत पितळी कडी बसवायची, बॅटरी मागून पुढे आणायची आणि टपावरचा नाजूक कॅरियर, जो हौसेनं मागवला होता, तो उतरवून ठेवायचा. ‘वजन वाढवायला पैसे मोजणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहतेय,’ असं वहिनी म्हणतात. स्वयंपाकघरातला वजनकाटा तर कायमचा गेलाच आहे. पुढे आमचाही गेला, कारण पुढची चाकं एका काट्यावर आणि मागची दुसऱ्यावर ठेवल्याखेरीज साठ-चाळीसची वाटणी कळत नाही. त्या दिवशी आमच्याकडे केक अंदाजानं झाला आणि तसाच लागला.

पिनियन आणि स्पर गिअर यांच्यात किती फट ठेवायची, तर दोन्हींच्या दातांत कागदाची पट्टी धरून स्क्रू आवळायचा आणि मग पट्टी फिरवून काढायची. ही युक्ती जगभर चालते. जीपवाल्यांचा कटाक्ष एवढाच, की कागद कालनिर्णयचा हवा, त्याची जाडी त्यांच्या हाताला बसली आहे. त्यामुळे त्यांच्या घरी चतुर्थ्या अर्धवट कापलेल्या असतात. लायपो बॅटरी पेटू शकते म्हणून ती मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज होते. तिथली तुळस तात्पुरती बादलीत आहे. वापर नसेल तेव्हा बॅटरीचा प्रत्येक सेल 3.8 व्होल्टवर ठेवायचा. भरलेली ठेवायची नाही, रिकामीही नाही. स्वतःच्या रक्तदाबाची गोळी मात्र वहिनींना हातावर ठेवावी लागते.

रविवारी पहाटे वेताळ टेकडी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड झाला तो आपल्या टायरांच्या सोयीसाठीच, अशा मालकी हक्कानं ते कातळाकडे बघतात. आधी पोटावर आडवं पडून गाडीच्या उंचीवरून ‘लाइन’ बघायची. फिरायला आलेल्या एका आजोबांनी त्यांना चक्कर आली समजून पाणी दिलं होतं. मग गाडी निघते. मुंगीनं ओव्हरटेक करावं अशा बेतानं एक चाक धारेवर चढतं, टायरात हवेऐवजी फोम असल्यानं ते कातळाला चिकटून दबतं, पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त फिरत गाडीला वर ओढतात आणि ती आडवी होते. तिला चटकन सरळ करायचं नाही. तशीच पडू देऊन उकिडवं बसायचं आणि निदान करायचं. निदानात चालकाचा दोष आजवर निघालेला नाही. मागचा उजवा शॉक, सर्वोची ताकद, पहाटेचं दव, क्वचित पुणे महानगरपालिका.

येणारेजाणारे दोनच प्रश्न विचारतात. पहिला, ‘किती पळते?’ त्यावर ‘पळत नाही’ हे उत्तर ते अशा थंडपणे देतात की विचारणाऱ्याला आपणच धावत सुटावंसं वाटतं. दुसरा, ‘कितीला पडली?’ अनोळखी माणसाला ते खरा आकडा सांगतात, मित्राला निम्मा आणि घरी फक्त कुरिअरचा खर्च.

गाडी पहिल्याच प्रयत्नात वर गेली, तर मात्र त्यांचा चेहरा उतरतो. मग परत येताना ‘मोटर बदलावी म्हणतो’ सुरू होतं.

हे सामान आमच्या पत्त्यावर येतं. ही व्यवस्था वहिनींना ठाऊक नाही, असं जीपवाल्यांना वाटतं. मागच्या महिन्यात ते ऑफिसात असताना वहिनी आल्या. मी गडबडून म्हटलं, ‘आज काही आलेलं नाही हो.’ ‘माहीत आहे, परवा येणार आहे,’ म्हणत त्यांनी एक मोठा खोका माझ्या हातात दिला. ‘हे तुमच्याकडे राहू दे. येवल्याहून मागवलीय. ह्यांना इतक्यात सांगू नका.’

आता आमच्या कपाटात वरच्या फळीवर पैठणी आहे आणि सर्वांत खाली पितळ. जीपवाल्यांनी तपासलं तरी वजनाची वाटणी त्यांना मान्य होईल.