पुराव्यापासून मुक्ती

स्मृती सांभाळायला जागा लागते आणि गिरगावात जागा महाग. त्यामुळे मॅजेस्टिक थिएटर पाडणाऱ्यांची दूरदृष्टी मान्य करायलाच हवी.

१४ मार्च १९३१ रोजी भारताचा पहिला बोलपट, अर्देशीर इराणींचा ‘आलम आरा’, इथेच झळकला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचं तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेल्याचं सांगतात. आता त्या जागी दुकानं आहेत. गर्दी होते, पोलीस लागत नाहीत. ही प्रगतीच!

विशेष कौतुक नियोजनाचं. थिएटर गेल्यावर चित्रपट मागे उरला असता, तर तो उगाच पोरका झाला असता. सुदैवाने ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तिकडे ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली ज्या कोरोनेशनमध्ये लागला, तेही थिएटर राहिलं नाही. त्या मूकपटाची मात्र थोडी रिळं बचावली. एवढी कसर राहिलीच.

आता एकच जुनी थकबाकी. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या चित्रपटांचा खेळ जिथे झाला, ते काळा घोडा भागातलं वॉटसन हॉटेल मोडकळीला येऊनही उभंच आहे. संबंधितांनी कृपया लक्ष घालावं.