भाऊंना सातवा महिना

भाऊंना सध्या सातवा महिना आहे. गेल्या पावसाळ्यातही होता. शिवाय टीबीच्या गोळ्या चालू आहेत, सिकलसेलची तपासणी राहिली आहे आणि डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू मंगळवारी काढायचा आहे. हे सगळं भाऊंच्या मोबाइलवर आलेलं आहे. भाऊ स्वतः साठीचे, मिशाळ आणि सडसडीत आहेत.

एटापल्ली-भामरागडकडच्या गावांत असा एक भाऊ असतोच. केसपेपर काढताना खिडकीतून विचारतात, "मोबाइल नंबर?" घरात फोन नसतो, असलाच तर तो पोरासोबत तेलंगणात मिरची तोडायला गेलेला असतो. मग तोंडातून निघतो तो भाऊंचा नंबर. पोरांना पाढे येवोत न येवोत, हे दहा आकडे अख्ख्या गावाला पाठ.

फोन बटणांचा, मागचं झाकण रबरानं आवळलेलं. रेंज मिळते ती टेकाडावरच्या मोहाखाली, तीही एक कांडी. रोज सांजेला भाऊ तिथे जाऊन फोन उंच धरतात. टिंग, टिंग, टिंग. मग तारखा घेऊन खाली उतरतात आणि कुडाबाहेरूनच आवाज देतात, "तुयी नऊ तारीख हाय वं, विसरजो नोको!" २०१६पासून सरकारनं दर महिन्याची ९ तारीख गरोदर बायांच्या तपासणीला दिली आहे, गावात मात्र ती भाऊंनीच ठरवली असं मानतात.

टीबीचा मेसेज असला की भाऊ आवाज देत नाहीत. विस्तव मागायच्या निमित्तानं आत जातात आणि हळूच सांगतात. हल्ली भाऊ कुणाकडे विस्तव मागायला गेले की शेजारी काय ते ओळखतात, हा भाग वेगळा.

२०२१मध्ये कोरोनाची लस आली. नोंदणीच्या 'कोविन'नं एका नंबरावर चारच माणसं बसवली. भाऊ खवळले, "चार? माया फोनात अर्धं गाव बसते, बाप्पा!" पुढच्या जानेवारीत चाराची सहा झाली. हा आपल्याच भांडणाचा विजय, असं भाऊ आजही धरून आहेत.

एकदा त्यांना सांगितलं, की २०१३मध्ये अनेक अभ्यासांच्या एका आढाव्यात मोजलंय : आठवण केली नाही तर शंभरातले ६८ जण दवाखान्यात येतात, मेसेज केला तर ७९. भाऊंनी खर्रा गालात सरकवला आणि म्हणाले, "बाकीचे एकवीस मोह वेचाले गेले असन."

गंमत नव्हती ती. उन्हाळा लागला की पहाटे मोह पडतो, मे महिन्यात तेंदूची फळी लागते आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावर चढली की भामरागडची वाटच बंद. तारीख इथे कोणी विसरत नाही. "मेसेजाले नदी दिसत नाही जी," भाऊ म्हणतात. म्हणून तेच टेकाडावरून नर्सबाईंना उलटा फोन लावतात, "मॅडम, सहाही जणी तेंदूले गेल्या. बाजाराच्या दिवशी धाडतो, तुमी बसून राहा." आणि बाई बसून राहतात.

परवा भाऊंना घेरी आली. बीपी निघालं. केसपेपरच्या खिडकीत त्यांनी रुबाबात नंबर सांगितला. आतून आवाज आला, "या नंबरावर सतरा नावं आहेत काका, तीन गरोदर आहेत. दुसरा द्या." दुसऱ्याचा नंबर पाठ करायची वेळ भाऊंवर कधी आलीच नव्हती. खिशातल्या चिठोऱ्यावर चंद्रपूरला शिकणाऱ्या पुतण्याचा सापडला, तो दिला. आता भाऊंची तारीख चंद्रपुरात वाजते आणि तिथेच विझते.

इकडे टेकाड चढताना हल्ली भाऊंना धाप लागते. लागणारच. कालच मेसेज आला, आठवा लागलाय.