फोनोवाले अण्णा

प्रत्येक तालुक्याच्या वाट्याला एक तरी फोनोवाले अण्णा येतातच. परंडा तालुक्याचे अण्णा सोनारीत राहतात, असं समजू. भैरवनाथाचं दर्शन घेऊन, हातातला प्रसाद माकडांपासून सांभाळत तुम्ही बाहेर पडलात की ते गाठतात. “पाव्हणं, आमचं संग्रहालय बघितलं का?” संग्रहालय म्हणजे त्यांच्या घरातली मागची खोली. घरची माणसं तिला ‘अडगळ’ म्हणतात.

खोलीचे नियम देवळापेक्षा कडक. चपला बाहेर, तंबाखू बाहेर, मोबाइल बंद. खिडकी कायम लावलेली, कारण माकडं. पंखा बंद, कारण धूळ. भर वैशाखात पाहुणा घामानं निथळत असतो आणि अण्णांना काळजी तबकड्यांची. तबकड्या लाखेच्या, उन्हानं वाकतात, पडल्या की फुटतात, म्हणून उभ्याच ठेवायच्या. पाहुणाही उभाच, कारण खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीवर कर्णेवालं मशीन बसलेलं.

आधी तोंडी परीक्षा होते. “फोनोग्राफ वेगळा, ग्रामोफोन वेगळा, हे ठाऊक आहे ना?” तुम्ही मान हलवली तरी अण्णा थांबत नाहीत. 1877 साली एडिसननं आवाज नळकांड्यावर उतरवला, दहा वर्षांनी बर्लिनरनं तो चपट्या तबकडीवर आणला. मग तबकडीच्या लेबलावरच्या कुत्र्याचं प्रकरण. “मूळ चित्रात तो एडिसनच्या फोनोग्राफपुढं बसला होता. ग्रामोफोन कंपनीनं चित्र घेताना चित्रकाराला मशीनच बदलायला लावलं. कुत्रा इमानदार, बाकी सगळा व्यवहार!”

पाहुण्याची पत अण्णा सुईवरून ठरवतात. पोलादी सुई एका बाजूला एकदाच वापरायची, नाहीतर तबकडीच्या रेघा खरवडल्या जातात. शिलकीतल्या सुया अण्णा दागिन्यांसारख्या जपतात. तहसीलदार आले तर नवी सुई. गाण्यातला जाणकार आला तर नवी सुई आणि चहा. व्याह्यांसाठी बाभळीचा काटा तासून लावतात. तुमच्या-आमच्यासारख्यांना सुईची डबी लांबूनच दाखवली जाते.

अखेर चावी भरली जाते. मिनिटाला 78 फेरे, दहा इंची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. कर्ण्यातून अब्दुल करीम खाँ गाऊ लागतात. 1937 साली गेलेला माणूस परंडा तालुक्यात सूर लावतो आणि अंगावर काटा येतो. तेवढ्यात अण्णा सुरू. “ही जागा ऐका... आता पुढची ऐका... ऐकली का?” कशी ऐकणार? मध्ये अण्णा! मैफलीत तासभर फुलणारा राग खाँसाहेबांनी तीन मिनिटांत बसवला. अण्णा त्या तीन मिनिटांवर तासभर बोलतात. आतून काकूंचा आवाज येतो, “अहो, त्यांना गाणं तरी ऐकू द्या!”

गौहर जानचा किस्सा तर ठरलेला. 1902 साली कलकत्त्यात तबकडीसाठी गाताना शेवटी त्यांनी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारलं. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या; गाणं कोणाचं, हे तिथल्या कारागिरांना कळावं म्हणून ही सोय. अण्णांनी ती रीत उचलली आहे. तबकडी संपताच ते खड्या आवाजात पुकारतात, “संग्रह अण्णांचा, मुक्काम सोनारी, तालुका परंडा!”

या जमातीची संघटनाही आहे. मुंबईत 1990 साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. तिचं नाव अण्णा अभिमानानं घेतात. मात्र दुसऱ्या संग्राहकाकडं एखादी तबकडी आपल्यापेक्षा चांगली आहे, हे त्यांनी अजून कबूल केलेलं नाही.

अण्णांना हसावं, जरूर हसावं. पण नाटक कंपन्या मोडल्या, मैफली हवेत विरल्या, त्यांतलं जे थोडं आज कानावर पडतं, ते अशाच हट्टी माणसांनी जुन्या बाजारातून आणि भंगाराच्या ढिगातून उचलून आणलेलं आहे. संगणकावर चढवलेल्या कित्येक जुन्या गाण्यांच्या मागं असाच कोणीतरी अण्णा असतो. तेव्हा आजोबांच्या तबकड्या माळ्यावर पडल्या असतील, तर किलोच्या भावानं घालू नका. जवळच्या अण्णांना द्या. फक्त कोणाच्या तरी हाती पाठवा. स्वतः गेलात तर संध्याकाळ गेली म्हणून समजा.