लाभपाचमीनंतर बघू

सुरतेच्या रिंग रोडवर साड्यांचा अख्खा ट्रक फोनवर विकला जातो, पण नेटवर्क स्विचचा पंखा बदलायचा म्हटलं की मुहूर्त लागतो. आधी लग्नसराई, मग ईद, मग राखी, मग दुर्गापूजेचा कलकत्त्याचा माल, मग दिवाळी. “सीझन चालू छे, भाऊ. हमणां हाथ नहीं लगाडवानो.” दिवाळी झाली की मार्केट लाभपाचमीपर्यंत कुलूपबंद. तेव्हा शेठना आठवतं, हवे शांती छे, करी नाखो. आणि नेमका तेव्हाच लिंबायत, उधना, डिंडोलीतला निम्मा खान्देश पोरं आणि पिशव्या सांभाळत भुसावळकडच्या गाडीत बसलेला असतो. त्यात मीही असतो.

गंमत अशी की मोठ्या स्विचमध्ये ही सोय मुळातच चालू धंद्यासाठी केलेली आहे. पंखा चालू स्विचमधून ओढा, नवा सरकवा, एक बिलसुद्धा अडकत नाही. वीज पुरवणारे डबे, ज्यांना आम्ही सरसकट एसएमपीएस म्हणतो, ते दोन असतात. एक काढला तरी दुसरा भार पेलतो. कंपनीनं चालू असताना बदलता यावं म्हणून एवढी डोकेफोड केली आणि आमचे शेठ मार्केट बंद होण्याची वाट बघतात.

त्या दोन डब्यांचं काय होतं तेही ऐका. त्यांच्या वायरी दोन वेगळ्या वाटांनी यायला हव्यात, एक यूपीएसवरून आणि दुसरी सरळ लाइनवरून. गाळ्यात मात्र दोन्ही वायरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेल्या असतात, आणि तिसऱ्या भोकात देव्हाऱ्याची लुकलुकणारी माळ. माळ शॉर्ट झाली की लक्ष्मी, गणपती आणि बिलिंग, तिघेही एकदम अंधारात. शेठ मलाच विचारतात, “बे-बे डब्बाना पैसा आप्या हता ने?”

लूमखात्यातला स्विच तर वेगळ्याच हालात असतो. पॉलिस्टर यार्नची बारीक तुसं हवेत, त्यात वॉटरजेट लूमचा दमटपणा. दोन्ही मिळून जाळीवर नमद्यासारखा थर धरतात. नखानं एक कोपरा उचलला की अख्खा चौकोन सोलून हातात येतो, जाळीच्या भोकांची नक्षी उमटलेला. तो बघून खात्यातला कारागीर उत्साहानं कंप्रेसरचा पाइप घेऊन धावतो. हवा मारली की पंखा असा किंचाळत फिरतो की सगळ्यांना वाटतं, वा, काय साफ झाला! प्रत्यक्षात बेअरिंगचं आयुष्य त्या दहा सेकंदांत संपत आलेलं असतं. पात्यांत बॉलपेनची रिफिल अडकवायची आणि मगच हवा मारायची, हे मी सांगत असतो. लूमच्या खडखडाटात ते कुणाला ऐकू जात नाही.

पंखा मंदावला की आतली हवा तापते. तापमान दहा अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा जुना ठोकताळा आहे. आमच्याकडे स्विच कुठे ठेवतात? पोटमाळ्यावर, पत्र्याखाली, ग्रे कापडाच्या ताक्यांमागे. मे महिन्यात तिथे माणूस दहा मिनिटं टिकत नाही. मग कपॅसिटरचं डोकं फुगतं, स्विच आपोआप बंद-चालू होऊ लागतो, आणि सगळे म्हणतात, एसएमपीएस गेला. पंखा त्याच्या कितीतरी आधी गेलेला असतो, पण त्याच्या नावानं कोणी रडत नाही.

एकदा भर सीझनमध्ये एका शेठनी परवानगी दिली. मी खटका दाबून एक पंखा ओढला. एक कमी झाला की उरलेले पंखे पूर्ण वेगानं सुटतात, तसे सुटले. सगळ्या गाळ्यात भोंगा वाजल्यासारखा आवाज. मुनीमकाका चहा टाकून धावत आले, शेठ फोनवरच्या कलकत्त्याला थांबवून “शुं थयुं, शुं थयुं” करू लागले. नवा पंखा बसला, आवाज उतरला. बिलिंग चालूच होतं, पण ते कुणी बघितलं नाही. तेव्हापासून तिथे मला ‘पेलो अवाजवाळो’ म्हणतात.

काही शेठ पंखा रिपेरिंगवाल्याकडून आणतात. स्वस्त आणि दोन तारांचा. स्विचच्या पंख्याला किमान तिसरी तार असते, ती वेग कळवते. एका फेऱ्याला दोन ठोके. दोन तारांचा पंखा जीव तोडून फिरतो आणि स्विच लाल दिवा लावून सांगतो, पंखा बंद आहे. आमचा अमळनेरचा हेल्पर वैतागला, “पंखा फिरी राहिना ना भाऊ, मंग हाई कशानं बोंबली राहिनं?” त्याला म्हटलं, बाबा रे, नुसतं काम करून भागत नाही, वर अहवालही पाठवावा लागतो.

आणि रंग! सिस्कोच्या नेक्सस स्विचमध्ये पंख्यांच्या आणि एसएमपीएसच्या खटक्याला रंग असतो. मरून असेल तर हवा पोर्टच्या बाजूनं आत जाते, निळा असेल तर त्याच बाजूनं बाहेर पडते. सगळे एकाच रंगाचे हवेत, नाहीतर एक जण हवा आत ओढतो, दुसरा तीच बाहेर ढकलतो, आणि स्विच तक्रार करत बसतो. हे मी एका साडीवाल्या शेठना समजावलं. त्यांनी कौतुकानं दोन्ही रंग शेजारी धरून बघितले. “मरून साथे ब्लू? सरस कॉम्बिनेशन छे, राखो.”

तर वाचकहो, तुमच्या गाळ्यात, ऑफिसात, सोसायटीच्या जिन्याखाली असा डबा असेल, तर आज संध्याकाळी त्याच्यापाशी कान न्या. घुरघुरत असेल तर पंखा याच आठवड्यात बदला, त्याच तारांचा, त्याच रंगाचा. दोन वायरी असतील तर त्या दोन बोर्डांत लावा आणि देवाच्या माळेला तिसरा बोर्ड द्या. आणि हे सगळं दिवाळीच्या आधी करा, कारण दिवाळीत माझा फोन लागणार नाही.