गैरहजेरीचे प्राथमिक धडे (गिरावीनकरांसाठी)

प्रवेशाची पात्रता आधी पाहू. पीआर मिळून ऑस्ट्रेलियात चार वर्षं झाली नसतील, तर सर्वसाधारणपणे जॉबसीकर हा बेरोजगार भत्ता तुम्हाला लागू नाही. 2019 च्या जानेवारीपासून नव्याने पीआर मिळालेल्यांना एवढा काळ थांबावं लागतं. विद्यार्थी व्हिसावर असाल तर प्रश्नच नाही. ज्याला भत्ता नाही, त्याला गैरहजर राहण्याचाही अधिकार नाही. त्याने घरी गप्प बसावं.

पात्र उमेदवारांनी आता अभ्यासक्रम समजून घ्यावा. सेंटरलिंक हे भत्ते देणारं सरकारी खातं पैसे देतं ते अटींवर. नोकरी शोधायला मदत करणाऱ्या प्रोव्हायडरची अपॉइंटमेंट पाळायची, महिन्याला साधारण 100 गुण जमवायचे, त्यात निदान चार ठिकाणी अर्ज टाकायचे आणि दर पंधरा दिवसांनी कमाई कळवायची. आपल्या रोजगार हमी योजनेत अगदी उलटं आहे. 1972 च्या दुष्काळात आकाराला आलेल्या त्या योजनेत माणूस काम मागतो आणि सरकारने पंधरा दिवसांत ते द्यायचं असतं. नाही दिलं तर भत्ता. इथे काम मागत हिंडणं हेच काम. महाराष्ट्राने हमी दिली, ऑस्ट्रेलिया हजेरी घेतं.

आता अपॉइंटमेंटला गैरहजेरी. नवशिके इथेच चुकतात, कारण शाळेपासून आपल्याला सबबींचा दांडगा सराव असतो आणि तो इथे कवडीच्या उपयोगाचा नाही. चुलतभावाच्या लग्नाला पुण्याला जायचंय? देश सोडला की जॉबसीकर बहुतेक वेळा थांबतो. गंभीर कौटुंबिक संकटासारखं मान्य कारण असेल तरच तो जास्तीत जास्त सहा आठवडे चालू राहू शकतो. लग्न हे संकट धरत नाहीत. (काही लग्नं असतात, पण फॉर्मवर तसं लिहिता येत नाही.) घरी गणपती आहेत, सासूबाई भारतातून आल्यात, पाहुण्यांना ब्लू माउंटन्स दाखवायचेत, ही कारणं मंडळात सांगावीत. तिथे ती खपतात.

‘ट्रेन चुकली’ हे गिरावीनचं खास कारण. उपनगराला स्वतःचं स्टेशन नाही, त्यामुळे टूंगॅबी नाही तर पेंडल हिल गाठायचं आणि मग पॅरामॅटा किंवा ब्लॅकटाउन. गाडी खरोखरच बंद पडली, पुराने रस्ता अडला, तर ते ऐकून घेतात. तुम्ही चहाचा दुसरा कप घेतलात म्हणून चुकलेली गाडी तुमच्याच खात्यावर जाते. मुलाला ताप आला म्हणून शाळेतून अचानक फोन आला, तर चालतं. दर मंगळवारी नातवाला सांभाळायचं असतं, हे चालत नाही, कारण मंगळवार दर आठवड्याला येतो हे सेंटरलिंकलाही माहीत आहे.

मग चालतं तरी काय? आजारपण, दुखापत, अपंगत्व. मानसिक आजार. डोक्यावर छप्पर नसणं. जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू. घरातली मारहाण. इंग्रजी लिहिता-वाचता न येणं. त्याच वेळी दुसरीकडे नोकरी किंवा मुलाखत असणं. दारूचं व्यसनसुद्धा, मात्र उपचार नाकारलेत तर पुढच्या वेळी ते उत्तर चालणार नाही.

यादी नीट वाचा. जी कारणं आपण अभिमानाने सांगतो त्यातलं एकही इथे नाही, आणि जी चार लोकांत बोलत नाही ती जवळजवळ सगळी आहेत. आपल्या माणसाचा फोन असा जातो :

‘काल का आला नाहीत?’

‘जरा बरं नव्हतं.’

‘म्हणजे काय?’

‘काही नाही, डोकं दुखत होतं. आता ठीक आहे.’

डोकं दुखत नव्हतं. आयटीतली नोकरी गेल्यापासून तो माणूस रात्रभर जागा असतो आणि सकाळी त्याला उठवत नाही. हे डॉक्टरला सांगितलं असतं तर प्रमाणपत्र मिळालं असतं आणि त्यावर काही आठवडे अटींतून सूटही मिळू शकली असती. ‘डोकं दुखत होतं’ची नोंद मात्र विनाकारण गैरहजेरी अशी होते. ‘बाथरूममध्ये पडले’ म्हणणाऱ्या बाईचंही तेच. इंग्रजी समजत नाही हे कबूल करायला लाज वाटते म्हणून लेकाला दुभाषा करून नेणाऱ्या काकांनी 131 450 हा नंबर लिहून घ्यावा. सरकारी दुभाषा सेवेचा आहे. सेंटरलिंकच्या कामासाठी दुभाषा मागितला तर पैसे पडत नाहीत आणि तो गावभर सांगतही नाही.

सगळ्यात अवघड धडा वेळेचा. अपॉइंटमेंटला जाता येणार नसेल तर ते आधी कळवायचं असतं. आधी कळवणं शक्य असून कळवलं नाही, तर खरं कारणही बाद होऊ शकतं. ‘कळवायचं राहून गेलं’ हे मराठीतलं सर्वांत लाडकं वाक्य इथे चालत नाही. फोन लागत नसेल तर ईमेल टाका, मेसेज करा आणि त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

नापासांसाठी व्यवस्था 2018 पासून अशी आहे : आधी भत्ता अडवून ठेवतात, वर डिमेरिट, म्हणजे दोषाची नोंद. सहा महिन्यांत पाच डिमेरिट झाले आणि तपासणीतही तुमची बाजू पटली नाही, तर दंडाच्या विभागात रवानगी. तिथे कागदावरच्या नियमाप्रमाणे पहिल्या चुकीला एक आठवड्याचे पैसे, दुसरीला दोन, तिसरीला भत्ताच रद्द आणि पुढे चार आठवडे काही नाही.

पण परीक्षकही नापास होतात. कायद्यात 2022 मध्ये बदल झाला होता. भत्ता रद्द करण्याआधी त्या माणसाची परिस्थिती पाहून निर्णय घ्यायचा, असा. यंत्रणा मात्र जुन्याच चालीवर चालत राहिली. 2024 मध्ये या रद्द करण्याच्या कारवाया थांबवाव्या लागल्या आणि 964 जणांचा भत्ता बेकायदा रद्द झाल्याचं ऑस्ट्रेलियाच्या केंद्रीय लोकपालांनी 2025 च्या अहवालात नोंदवलं. रोबोडेटचं प्रकरण त्याच्या आधीचं. तेव्हा तर यंत्राने लोकांच्या नावावर नसलेली कर्जं काढली होती.

तेव्हा निर्णय चुकीचा वाटला तर ‘सरकारशी कोण भांडणार’ म्हणून सोडून देऊ नका. सेंटरलिंकच्या निर्णयाचा फेरविचार मागायला पैसे लागत नाहीत आणि तिथे हरलात तर पुढे न्यायाधिकरण आहे. लेखी निर्णय हातात पडल्यापासून तेरा आठवड्यांच्या आत फेरविचार मागून जिंकलात, तर अडलेले पैसे मूळ तारखेपासून मिळतात. त्यानंतर मागितलात, तर साधारणपणे मागितल्या दिवसापासूनच.