खटक्याचा अधिकार

वीजबचत समितीवर नेमणूक करताना आमच्या शिक्षणसंस्थेने असा निकष लावला की, ज्याला विजेतले काही कळत नाही तोच त्या विषयात निःपक्षपाती राहू शकतो. आणि या निकषावर मराठी व संस्कृत शिकविणाऱ्या माझ्यासारख्या माणसाची निवड बिनविरोध व्हावी यात नवल नव्हते. निमित्त संगणककक्षाच्या बिलाचे होते. ते दिवस भारनियमनाचे. दिवसाचे कित्येक तास गावात वीज नसे, आणि ती नसतानाही शाळेचे बिल मात्र चढत जाई, ही गोष्ट संस्थेच्या चिटणिसांना व्यक्तिशः अपमानास्पद वाटली. सबब, चौकशी करून सविस्तर अहवाल सादर करावा, असे फर्मान सुटले.

संगणककक्ष हा आमच्या शाळेचा गाभारा होता. बाहेर पादत्राणे काढल्याशिवाय आत प्रवेश नसे, खिडक्यांना जाड पडदे असत, आणि खंडेनवमीला प्रत्येक यंत्रापुढे झेंडूचे फूल ठेवून हळदकुंकू वाहिले जाई. वातानुकूलन यंत्र शाळेत तेवढ्याच एका खोलीत होते, आणि तेही मुलांसाठी नव्हे, संगणकांसाठी. मुलांना आठवड्यातून एक तास दर्शन मिळे. एका यंत्रापुढे तिघे बसत, त्यांपैकी एकाच्या हातात माऊस असे आणि उरलेले दोघे त्याला सल्ला देत. या व्यवस्थेत संगणकविद्या किती रुजली ते सांगवत नाही, पण संसदीय लोकशाहीचे शिक्षण उत्तम होत असे.

समितीची पहिली बैठक त्याच खोलीत झाली, कारण ती थंड होती. आम्ही हिशेब मांडला. त्या काळच्या पोटफुगीर काचेच्या पडद्याला सुमारे ७५ वॅट लागत आणि शेजारच्या पेटीलाही जवळपास तितकेच. म्हणजे एका जोडीस १५० वॅट, अशा वीस जोड्यांस ३,००० वॅट, अर्थात तासाला ३ युनिट. शाळेच्या वेळात, म्हणजे सकाळी दहापासून सायंकाळी पाचपर्यंत, यंत्रे चालूच असत. दिवसाची वीज अखंड मिळाली तर खर्च २१ युनिटांचा. प्रत्यक्षात तास होत दोन, म्हणजे शिक्षणाच्या वाट्याला ६. उरलेल्या १५ युनिटांचा विनियोग काय होत असे, हे पाहण्यासाठी आम्ही तास नसताना आत डोकावलो, तेव्हा निर्मनुष्य खोलीत वीसही पडद्यांवर रंगीबेरंगी नळ एकमेकांना जोडले जात होते. ज्या गावात नळाला दिवसाआड पाणी येई, त्या गावात ही नळयोजना मात्र अव्याहत चालू होती.

हे नळ म्हणजे स्क्रीनसेव्हर, आणि त्याने विजेची बचत होते अशी आम्हा सर्वांची प्रामाणिक श्रद्धा होती. वस्तुस्थिती निराळी निघाली. एकच चित्र तासन्‌तास स्थिर राहिले तर काचेच्या आतील लेपावर त्याचा कायमचा डाग पडे, म्हणून चित्र हलते ठेवण्याची ही युक्ती निघालेली. विजेशी तिचे काही देणेघेणे नव्हते. उलट ते त्रिमिती नळ रेखाटण्यासाठी बिचाऱ्या यंत्राला इतके गणित करावे लागे की, एखाद्या मुलाने निबंध टंकलिखित केला असता तर वीज कमी खर्चली असती. पुन्हा, संगणक जी वीज खातो ती अखेर उष्णता होऊन त्याच खोलीत उतरते आणि ती बाहेर घालविण्यासाठी वातानुकूलन यंत्र आणखी वीज खाते. नळ जोडण्याचा खर्च आम्ही असा दोनदा भरत होतो.

संगणकाच्या सरांनी मात्र आपली बाजू आवेशाने मांडली. “गुरुजी, चालू करताना जो झटका बसतो ना, त्यात तासाभराची वीज जाते. त्यापेक्षा चालूच ठेवलेलं बरं.” हा सिद्धान्त मी पुढे अनेक कार्यालयांत, दरवेळी त्याच गांभीर्याने, ऐकला आहे. तो झटका सेकंदाच्या अंशभर टिकतो आणि मीटरला त्याची दखलही घ्यावीशी वाटत नाही.

त्याहून गमतीची गोष्ट अशी की, उपाय यंत्रातच होता. संगणक सुरू होताना पडद्याच्या कोपऱ्यात एक तारा चमकून जाई. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ साली काढलेल्या ‘एनर्जी स्टार’ योजनेची ती खूण. काम नसेल तर दहा मिनिटांनी पडद्याने आणि अर्ध्या तासाने यंत्राने झोपी जावे, ही तजवीज आत करून ठेवलेली होती आणि झोपेत त्याला अवघे काही वॅट पुरत. परंतु आमच्याकडे ती निद्रा बंद केलेली होती. कारण एकदा शिक्षणाधिकारी तपासणीस आले असता सारे पडदे काळे दिसले आणि यंत्रे नादुरुस्त असल्याचा शेरा दफ्तरी दाखल झाला.

खरी मेख पुढेच होती. यंत्रे बंद करण्याची विद्या ज्या सरांना अवगत, ते तासिका तत्त्वावरचे असल्याने दुपारी तीनला निघून जात. खोलीची किल्ली ज्या शिपाईमामांकडे, त्यांना यंत्रांस हात लावण्याची लेखी मनाई. आणि बिल जात असे तालुक्याच्या गावी, संस्थेच्या कचेरीत, जेथे संगणक कोणी पाहिलेला नव्हता. ज्याला बिल दिसे त्याच्या हाती खटका नाही, ज्याच्या हाताशी खटका त्याला अधिकार नाही, आणि ज्याला अधिकार तो एव्हाना एस.टी.त. आमची मराठी राज्यव्यवस्था बुडाली तीही याहून फारशा वेगळ्या कारणाने नव्हे, असे मी बैठकीत म्हणालो. इतिहासाच्या शिक्षकांनी त्यावर हरकत नोंदविली.

अखेर ठराव झाला की, शेवटच्या तासाच्या मुलांनी यंत्रे रीतसर बंद करावी आणि मामांनी मुख्य खटका पाडावा. पहिल्याच दिवशी मामांनी खटका पाडला आणि खोलीतील यूपीएस नावाच्या वीसही पेट्यांनी एकसमयावच्छेदेकरून टाहो फोडला. वीज गेल्याची वर्दी देणे हेच त्यांचे काम, पण मामा धावत येऊन म्हणाले, “गुरुजी, सगळी एकदम रडायला लागली!” आधी पेट्यांची बटणे व मग मुख्य खटका, हा क्रम त्यांनी लगेच आत्मसात केला आणि तेव्हापासून त्यात कधीही कसूर केली नाही. झोपेची तजवीजही पूर्ववत चालू झाली, आणि पुढच्या बिलाने चिटणिसांचा अपमान धुऊन निघाला.

आता पडदे सपाट झाले आहेत, वीसेक वॅटवर भागवतात. तळहाताएवढे संगणक निघाले आहेत, त्यांना चारपाच वॅट पुरतात. परंतु रिकाम्या खोलीत जळणारे वीस वॅटही फुकटच जातात. म्हणून ज्या मुख्याध्यापकांच्या हाती हा लेख पडेल त्यांस विनंती की, आपल्या शाळेच्या संगणककक्षाची किल्ली कोणाकडे असते याची चौकशी करावी आणि खटक्याचा अधिकार त्यालाच लेखी द्यावा. आज्ञेचा मसुदा आमच्या दफ्तरी तयार आहे. मागणी केल्यास नक्कल विनामूल्य पाठविण्यात येईल.